सर्वेक्षणाची पद्धत बदलल्याने नाजूक प्रश्नांची उत्तरे बदलतात का? चाचणीच्या आखणीबद्दल

पडताळणी (धागाकर्ती)

एका प्रशिक्षण संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण करण्याचे काम आमच्या अभ्यासगटाकडे आहे. नोकरी, पगार, अभ्यासक्रमाचा झालेला उपयोग असे साधे प्रश्न त्यात आहेतच. परंतु एखाद्या विषयात नापास झाला होतात का, परीक्षेत कधी कॉपी केली होती का, गेल्या वर्षभरात कर्जाचा हप्ता थकवला का, मद्यपान किती करता, असेही काही प्रश्न आहेत की ज्यांचे उत्तर देण्याआधी माणूस क्षणभर विचार करतो. मुलाखतकाराने फोनवरून विचारावे की दुवा पाठवून उत्तरे ऑनलाइन भरून घ्यावीत, यावरून गटात दोन तट पडल्यामुळे आधी लहान प्रमाणावर चाचणी घेण्याचे ठरले आहे.

सध्याचा प्रस्ताव असा आहे: यादीतील प्रत्येकाला दोहोंपैकी सोयीचा मार्ग निवडू द्यायचा, दोन्हीकडील ‘हो’ची टक्केवारी काढायची आणि जिकडे ‘हो’ जास्त येतील तो मार्ग मुख्य सर्वेक्षणासाठी घ्यायचा. हा प्रस्ताव मला पटत नाही. पण तो नेमका कुठे लंगडा पडतो हे सहकाऱ्यांना पटेल अशा रीतीने मांडता येत नाही. ज्यांनी असे काम केले आहे किंवा त्याविषयी वाचले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शंकासुर

पहिल्याच पायरीवर लंगडा पडतो. मार्ग निवडण्याची मुभा दिली की फोन घेणारे आणि ऑनलाइन भरणारे हे मुळातच निराळे लोक होतात. ऑनलाइन भरणाऱ्यांत तरुणांचा भरणा असेल आणि तरुणांत कॉपीचे प्रमाण खरोखरच जास्त असेल, तर ऑनलाइन उत्तरांत ‘हो’ अधिक दिसतील आणि त्याचा प्रामाणिकपणाशी काडीचाही संबंध नसेल. कोण उत्तर देतो हा एक प्रश्न आणि तोच माणूस वेगळ्या पद्धतीने विचारल्यावर वेगळे उत्तर देतो का, हा दुसरा. आपल्याला दुसऱ्याचे उत्तर हवे आहे. हा प्रस्ताव दोन्हींची सरमिसळ मोजतो. कोणाला कोणता मार्ग मिळणार हे चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक वाटपानेच, ठरले पाहिजे.

पडताळणी

यादीवरच चिठ्ठ्या टाकल्या तर पुरे का? अर्ध्या नावांना फोन करायचा, अर्ध्यांना दुवा पाठवायचा.

शंकासुर

निम्मे काम होईल. समजा, फोन केलेल्यांपैकी 40 टक्के लोक बोलले आणि दुवा पाठवलेल्यांपैकी 15 टक्क्यांनीच प्रश्नावली पूर्ण केली. तर वाटप कितीही निर्दोष असले तरी हाती आलेले दोन गट पुन्हा निराळेच ठरतात. ही गळती वाटपाच्या आधी करून घेणे हा त्यावरचा मार्ग आहे. फ्राउके क्रॉयटर, स्टॅनली प्रेसर आणि रॉजर टुरांजो यांनी अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांवर केलेला, 2008 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तुमच्या कामाशी बराच जुळतो. त्यांनी सर्वांना आधी फोन केला, काही साधे प्रश्न विचारून घेतले, आणि मगच कोणी मुलाखतकाराशी बोलत राहायचे, कोणी ध्वनिमुद्रित प्रश्नांना बटणे दाबून उत्तर द्यायचे आणि कोणी ऑनलाइन प्रश्नावलीकडे वळायचे, हे यादृच्छिक रीतीने ठरवले. तरीही मार्ग बदलण्याच्या त्या टप्प्यावर काही लोक गळतातच, कारण बोलत असलेल्या माणसाला ‘आता दुवा उघडा’ असे सांगितले की तो ‘नंतर बघतो’ म्हणतो. म्हणून सुरुवातीच्या साध्या प्रश्नांची उत्तरे जपून ठेवावीत. गळालेले आणि टिकलेले यांच्यात काय फरक आहे हे निदान त्यावरून तपासता येते.

क्षेत्रकार्यकर्ता

आखणीबद्दल वरील प्रतिसादात आले आहेच. मी प्रत्यक्ष मुलाखतीत काय घडते ते लिहितो, कारण ‘फोन’ आणि ‘ऑनलाइन’ ही नावे फार ढोबळ आहेत. फोनवर मद्यपानाचा प्रश्न आला की उत्तर देणाऱ्याचा आवाज एकदम खाली येतो किंवा तो नुसते ‘नाही नाही, तसे काही नाही’ म्हणून पुढच्या प्रश्नाची वाट पाहू लागतो. पुष्कळदा त्याला मुलाखतकाराची भीती नसते, शेजारी बसलेल्या घरच्या माणसाची असते. म्हणून उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा नुसत्या आकड्यात देता येईल अशी प्रश्नाची रचना केली आणि ‘आपण एकटे आहात का’ हे संवेदनशील भागाआधी विचारून नोंदवले, तर पद्धतीचा परिणाम आणि जवळ बसलेल्या माणसाचा परिणाम काही अंशी वेगळे करता येतात. ऑनलाइन पद्धतीतही कोणी खांद्यावरून डोकावत असेल तर ती पद्धत खासगी राहत नाही.

प्रत्यक्ष भेटीतही एकांत देण्याचा एक मार्ग आहे. मुलाखतकार समोरच बसलेला असतो. पण प्रश्न हेडफोनमधून ऐकू येतात आणि उत्तर देणारा स्वतः संगणकावर किंवा टॅबवर उत्तर नोंदवतो. अक्षरओळख कमी असलेल्यांनाही ते जमते. अमेरिकेतील किशोरवयीन मुलग्यांच्या 1995 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात चार्ल्स टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत आणि कागदावर स्वतः भरायची प्रश्नावली यांची यादृच्छिक वाटपाने तुलना केली. पुरुषांशी लैंगिक संबंध आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण कागदावर 1.5 टक्के आणि हेडफोन-संगणकावर 5.5 टक्के आले. कागदी प्रश्नावलीही मुले स्वतःच भरत होती, हे ध्यानात घ्यावे. कागदावर लिहिलेले उत्तर मुलाखतकाराच्या हाती द्यावे लागते. संगणकावरचे उत्तर पुढचा प्रश्न येताच पडद्यावरून नाहीसे होते.

गणकयंत्र

टर्नर यांचा आकडा नेहमी दिला जातो आणि त्यावरून ‘जिथे जास्त कबुली, तिथे जास्त सत्य’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. प्रस्तुत प्रस्तावाचा खरा दोष मला यातच दिसतो. वाटप यादृच्छिक केले तरी हा दोष जात नाही. दोन पद्धतींतला फरक आपल्याला एवढेच सांगतो की निदान एक पद्धत चुकते आहे. कोणती ते सांगत नाही.

लाजेच्या गोष्टी लोक लपवतात, म्हणून वरचा आकडा सत्याच्या अधिक जवळ, हे गृहीतक अनेकदा खरे ठरते, पण नेहमी नाही. बढाई मारण्याजोग्या गोष्टी लोक वाढवून सांगतात. शिवाय एकच वर्तन एका गटात लपवले जाते आणि दुसऱ्यात मिरवले जाते. त्याहून सूक्ष्म अडचण म्हणजे निष्काळजीपणा. ऑनलाइन प्रश्नावली भराभर संपवणारा माणूस न वाचताच टिचक्या मारत जातो आणि ज्या वर्तनाचे खरे प्रमाण फार कमी आहे तिथे अशा टिचक्यांतून निघणारे ‘हो’ बहुतांशी खोटे असतात. मार्क होग्लिंगर आणि आंद्रेआस डीकमन यांनी 2017 साली हीच गोष्ट दाखवली. त्यांनी ज्यांचे खरे प्रमाण जवळपास शून्य आहे असे प्रश्न, उदाहरणार्थ दुसऱ्याच्या अवयवाचे प्रत्यारोपण झाले आहे का, मुद्दाम घातले. आणि गुप्ततेची हमी देणाऱ्या एका गाजलेल्या अप्रत्यक्ष पद्धतीने तिथेही दखल घ्यावी इतके ‘हो’ निघाले. त्या पद्धतीची महती तोवर जास्त कबुली मिळते याच आधारावर गायली जात होती.

मलावीच्या ग्रामीण भागातील किशोरवयीनांवरचा 2008 चा अभ्यासही याच संदर्भात पाहावा. तिथे काही प्रश्नांना संगणकावर अधिक कबुली मिळाली, तर लैंगिक संबंध कधी आला का या मूलभूत प्रश्नाला काही मुलींनी समोरासमोरच अधिक ‘हो’ म्हटले. संबंध आलाच नाही असे सांगणाऱ्यांपैकी काहींच्या तपासणीत लैंगिक मार्गाने पसरणारा संसर्गही आढळला. बाहेरची कसोटी हाती असल्याशिवाय अशा उत्तरांचा अर्थ लावता येत नाही.

तुमचे भाग्य असे की तुमच्याकडे अशी कसोटी आहे. कोण नापास झाला होता ते संस्थेच्या दप्तरात असणारच.

पडताळणी

आहे. संस्थेला कोणी देणगी दिली याचीही नोंद आहे. पण ती संवेदनशील बाब नसल्याने आम्ही तो प्रश्न घेतलेला नाही.

गणकयंत्र

तो प्रश्न अवश्य घ्या. माझ्या मते या चाचणीतला तो सर्वांत कामाचा प्रश्न ठरेल. नापास होणे लोक लपवतात आणि देणगी न देताही ‘दिली’ म्हणतात, म्हणजे इथे खोटेपणाची दिशा उलट आहे. ऑनलाइन पद्धतीने प्रामाणिकपणा वाढत असेल, तर नापास झाल्याचे ‘हो’ वाढले पाहिजेत आणि देणगीचे ‘हो’ घटले पाहिजेत. ऑनलाइन लोक नुसतेच बेफिकिरीने टिचक्या मारत असतील, तर दोन्ही प्रश्नांना न घडलेल्या गोष्टींचे ‘हो’ वाढतील. नुसत्या नापास-प्रश्नावरून हे दोन अर्थ वेगळे करता येत नाहीत. जोडीला देणगीचा प्रश्न असला की येतात. मेरीलँडच्या अभ्यासातही नकोशा आणि हव्याशा अशा दोन्ही प्रकारच्या बाबी होत्या आणि त्या विद्यापीठाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या होत्या. मुलाखतकाराच्या तुलनेत ऑनलाइन मार्गाने नाजूक बाबींची कबुली वाढली आणि उत्तरे अधिक अचूकही ठरली.

विश्लेषणात एक पथ्य पाळावे. जो कधी नापास झालाच नाही, त्याचे ‘नाही’ कोणत्याही पद्धतीत खरेच असते. त्याला लपवण्यासारखे काही नाही. म्हणून सर्वांची टक्केवारी न काढता, दप्तरानुसार जे नापास झाले होते त्यांच्यापैकी किती जणांनी नाकारले, हे प्रमाण दोन्ही पद्धतींत काढावे.

शंकासुर

त्याने नमुना फार लहान होतो, हे ध्यानात घ्यावे लागेल. समजा, प्रत्येक गटात 600 जण आहेत आणि त्यांतले 20 टक्के कधी ना कधी नापास झाले होते. म्हणजे तुलनेला उरले 120 आणि 120. फोनवर 30 टक्क्यांनी नाकारले आणि ऑनलाइन 20 टक्क्यांनी, तर फरक 10 टक्क्यांचा; पण त्याची 95 टक्के विश्वासमर्यादा (खरा फरक ज्या पट्ट्यात असावा असे धरता येते तो पट्टा) सुमारे 11 टक्के इकडे-तिकडे, म्हणजे फरक शून्यही असू शकतो.

गणकयंत्र

मान्य. म्हणून नमुना निवडतानाच नापास झालेल्यांचे प्रमाण वाढवावे. दर गटात 300 नापास आणि 300 उत्तीर्ण घेतले तर तीच मर्यादा सुमारे 7 टक्क्यांवर येते आणि 10 टक्क्यांचा फरक स्पष्ट दिसतो. मात्र समोरचा माणूस कोणत्या यादीतला आहे, हे मुलाखतकाराला कळता कामा नये. ते कळले की विचारण्याच्या सुरात फरक पडतो.

कॉपी आणि थकलेला हप्ता यांची नोंद तुमच्याकडे नाही, त्यामुळे तिथे दोन गटांची थेट तुलनाच करावी लागेल. 10 टक्के आणि 15 टक्के यांतला फरक 80 टक्के खात्रीने पकडायचा तर दर गटात 685 च्या आसपास माणसे लागतात. 10 आणि 13 यांतला पकडायचा तर सुमारे 1,770. लहानशा चाचणीत फरक आढळला नाही म्हणून फरकच नाही असे अहवालात लिहिले जाते, ते कृपया टाळावे. शिवाय त्या प्रश्नांसाठी नापास झालेल्यांचे वाढवलेले प्रमाण वजने लावून, म्हणजे प्रत्येक उत्तराला त्याच्या गटाच्या खऱ्या वाट्याइतकेच महत्त्व देऊन, पूर्ववत करावे लागेल.

नवशिका

मध्येच विचारतो, क्षमस्व. फोन की ऑनलाइन या वादात पडण्यापेक्षा फाशाची पद्धत का वापरू नये? स्टॅनली वॉर्नर यांनी 1965 मध्ये मांडलेल्या यादृच्छिक उत्तराच्या कल्पनेविषयी वाचले होते. त्यात कोणालाच कोणाचे खरे उत्तर कळत नाही, मग खोटे बोलण्याचे कारणच उरत नाही.

गणकयंत्र

कल्पना देखणी आहे, यात शंका नाही. तिचे एक सोपे रूप असे: उत्तर देणारा फासा आपल्यापुरता टाकतो, 1 पडला तर काहीही असो ‘हो’ म्हणायचे, 6 पडला तर ‘नाही’ म्हणायचे आणि 2 ते 5 पडले तर खरे सांगायचे. 1,000 जणांपैकी 250 ‘हो’ आले, तर त्यांतले सुमारे 167 फाशाचे. उरलेले 83 हे खरे सांगायची पाळी आलेल्या 667 जणांपैकी, म्हणजे खरे प्रमाण 12.5 टक्के. व्यक्तीचे गुपित शाबूत राहते आणि समूहाचा आकडा हाती येतो.

किंमत मात्र मोजावी लागते. या आकड्याची प्रमाण त्रुटी (नमुना बदलला की आकडा साधारण किती हलतो त्याचे माप) थेट प्रश्नाच्या जवळपास दुप्पट आहे. म्हणजे तेवढीच अचूकता हवी असेल तर नमुना सुमारे चौपट लागेल.

क्षेत्रकार्यकर्ता

आणि माणसे नियम पाळतीलच असे नाही. ज्याने कधी कॉपी केली नाही त्याला 1 पडला की तोंडाने ‘हो, केली’ म्हणायचे असते, ते त्याच्या जिवावर येते. फासा हातात तसाच धरून तो विचारतो, ‘पण मी तर केलेली नाही, मग हो का म्हणू?’ आपण पुन्हा नियम समजावतो, तो मान डोलावतो आणि शेवटी ‘नाही’ म्हणतो. असे थोडे जरी झाले तरी हिशोबाने काढलेले प्रमाण खऱ्याच्या खाली येते, प्रसंगी थेट प्रश्नाच्याही खाली. जो प्रश्न सरळ विचारला असता त्याने सहज उत्तर दिले असते, तिथे फासा काढला की ‘एवढे काय लपवायचे आहे यात?’ असा संशयही उगाच जागा होतो.

शंकासुर

नोंदींशी ताडून पाहिलेले पुरावेही दोन्ही बाजूंचे आहेत. लोकँडर, सडमन आणि ब्रॅडबर्न यांनी 1976 साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत समोरासमोर, फोन, स्वतः भरायची प्रश्नावली आणि यादृच्छिक उत्तर यांपैकी कोणतीच पद्धत सर्व प्रश्नांना सरस ठरली नाही. नशेत गाडी चालवल्याची नोंद असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांची कबुली फाशाच्या पठडीतल्या पद्धतीतही हाती लागली नाही. उलट, मिसिसिपी राज्यात 2011 मध्ये गर्भधारणेच्या क्षणापासून व्यक्तीचा दर्जा देऊ पाहणाऱ्या दुरुस्तीवर जे सार्वमत झाले, त्याच्या खऱ्या निकालाशी रोझेनफेल्ड, इमाई आणि शापिरो यांनी चार पद्धती ताडून पाहिल्या. तिथे थेट प्रश्नाने विरोधी मते बरीच कमी दाखवली आणि यादृच्छिक उत्तराची पद्धत निकालाच्या सर्वांत जवळ पोहोचली.

नवशिका

यादीची पद्धतही तशीच खर्चिक आहे का? एका गटाला चार साध्या बाबी, दुसऱ्याला त्याच चार आणि पाचवी नाजूक. किती लागू पडतात एवढाच आकडा सांगायचा.

गणकयंत्र

त्याहूनही खर्चिक. 500-500 चे दोन गट धरा. पहिल्याची सरासरी 2.10, दुसऱ्याची 2.22, म्हणजे नाजूक बाबीचे प्रमाण 12 टक्के. उत्तरांचे प्रमाण विचलन (ती सरासरीपासून किती विखुरलेली आहेत त्याचे माप) 1 च्या आसपास असेल तर विश्वासमर्यादा जवळपास शून्यापासून 24 टक्क्यांपर्यंत पसरते. एवढ्या रुंद मापाने काय मोजणार? शिवाय ज्याला चारही साध्या बाबी लागू आहेत त्याने ‘पाच’ म्हटले की त्याचे गुपित फुटले, म्हणून तो ‘चार’ म्हणतो. तुमच्या नमुन्यात ही पद्धत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पडताळणी

चर्चेबद्दल मनापासून आभार. गटापुढे मांडण्यासाठी सुधारित आराखडा असा केला आहे: सर्वांना आधी फोन, चार साधे प्रश्न, मग यादृच्छिक वाटपाने फोन किंवा ऑनलाइन, नापास आणि देणगी हे दोन ताडून पाहायचे प्रश्न, ज्याचे खरे प्रमाण शून्याच्या आसपास असणार असा एक प्रश्न, त्यासाठी अवयव प्रत्यारोपणाचाच घेतला आहे, आणि मुलाखतकाराला दप्तराची माहिती नाही. फाशाची आणि यादीची पद्धत वगळली आहे.

एक पेच उरतो. उत्तरे दप्तराशी ताडून पाहणार, हे लोकांना आधी सांगितले तर ते खरेच सांगतील आणि चाचणीच निरर्थक होईल. न सांगणे नीतीला धरून होणार नाही.

शंकासुर

पहिला भाग बरोबर आहे. जोन्स आणि सिगॉल यांनी 1971 मध्ये मांडलेली बनावट सत्यशोधक यंत्राची युक्ती यावरच उभी आहे: आपले खोटे पकडले जाईल असे वाटले की माणूस खरे बोलतो. म्हणून ताडून पाहण्याची परवानगी मुलाखतीच्या शेवटी, हेतू पूर्ण उलगडून सांगून, घ्यावी. ज्यांनी ती नाकारली त्यांची उत्तरे दप्तराशी जोडू नयेत. आराखडा आधी नीतिमंडळापुढे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीपुढे, ठेवावा आणि जोडणीचे काम संस्थेतील एखाद्या व्यक्तीने नावांऐवजी संकेतांकांवर करावे, म्हणजे विश्लेषण करणाऱ्याला नावे दिसत नाहीत आणि संस्थेला उत्तरे. परवानगी नाकारणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही पद्धतींत निरनिराळे आले तर तेही अहवालात द्यावे, कारण ज्याने खोटे सांगितले तो माणूसच परवानगी नाकारण्याची शक्यता अधिक.

सुरुवातीला गुप्ततेची हमी द्या, पण ती दोन वाक्यांत आटोपा. सिंगर, हिप्लर आणि श्वार्झ यांच्या 1992 च्या प्रयोगांत लांबलचक हमीने लोक उलट बिचकले आणि सहभागाची तयारी कमी झाली.

क्षेत्रकार्यकर्ता

प्रश्नांची वाक्ये दोन्हीकडे शब्दशः एकच ठेवा, हे सांगायची गरज नसावी. पण ‘सांगायचे नाही’ हा पर्याय हमखास घोळ घालतो. ऑनलाइन तो पडद्यावर दिसतो, फोनवर मुलाखतकार तो वाचून दाखवत नाही आणि कोणी उत्तर द्यायला नकार दिला तरच नोंदवतो. मग ऑनलाइन ‘नाही’ कमी झाले ते कबुलीमुळे की या पर्यायामुळे, हे कळत नाही. एकतर तो दोन्हीकडे दाखवावा आणि वाचावा, नाहीतर दोन्हीकडे लपवून, उत्तर रिकामे सोडण्याची मुभा ठेवावी. मी पहिला मार्ग घेईन. मद्यपानाच्या प्रश्नात पर्यायांच्या पट्ट्या असतील तर त्या पडद्यावर एका नजरेत दिसतात आणि फोनवर एकामागून एक ऐकाव्या लागतात, तेव्हा शेवटची पट्टी लक्षात राहते. तिथे पट्ट्या काढून दोन्हीकडे सरळ आकडाच विचारावा.

पडताळणी

दोन्ही बदल केले. मद्यपानाचा प्रश्न ‘गेल्या 7 दिवसांपैकी किती दिवस’ असा आकड्यात घेतला आहे आणि ‘सांगायचे नाही’ हा पर्याय फोनवरही वाचला जाईल. गटाची बैठक झाली की तिथे निघालेले आक्षेप याच धाग्यावर लिहिते.